तांबं रिपोर्टात होतं, म्हशीत नव्हतं

चोपड्याकडचा गोठा. म्हशी उलटायच्या, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर यायच्या, थांबेनात, डोळ्यांभोवतीचे केस तांबूस पडलेले. अंगातलं तांबं घटलं की केस तांबूस होतात, हे तुम्ही नव्या पशुवैद्यांनी पाठ केलेलं असणारच. गोठ्याचे मालक अप्पा म्हणाले, "डॉक्टर, रगत तपासी ल्या ना भो."

घेतलं. सगळ्यात खंगलेल्या तिघींचं. एकीला दगडी (कासेची सूज) झालेली, दुसरीची वार अडकून पू झालेला, तिसरी तापलेली. रिपोर्ट आला: कॉपर ठीक, झिंक कमी. महिनाभर झिंक दिलं. म्हशी उलटतच राहिल्या.

इथे जरा थांबून वाचा. रक्तातलं बहुतेक कॉपर सेरुलोप्लाझमिन या प्रथिनावर बसून फिरतं. अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असला की यकृत हे प्रथिन जास्त बनवतं, आणि रक्तातलं कॉपर वर दिसतं. झिंकचं उलटं: ते रक्तातून यकृतात ओढलं जातं, म्हणून कमी दिसतं. म्हणजे माझे दोन्ही आकडे या तिघींच्या आजारांनीच फिरवले होते. लॅबचं काही चुकलं नव्हतं, म्हशी मी चुकीच्या निवडल्या होत्या.

म्हणून एकाच गटातल्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या 8-10 जनावरांचं रक्त घ्या. नळी गडद निळ्या झाकणाची, ट्रेस एलिमेंटचीच (सूक्ष्म खनिजांसाठीची). साध्या रबरी बुचातून झिंक उतरतं. आणि तरीही कॉपर नॉर्मल आलं म्हणून हुरळू नका. यकृतातला साठा संपत येईपर्यंत रक्त काही बोलत नाही. बोअरच्या पाण्यात लोह, सल्फेट किती तेही बघा. कडब्यातलं तांबं ते पोटातच अडवतात.

माझे एक सीनियर म्हणायचे, "मिनरल मिक्श्चर चालू कर, रक्त कशाला?" गाई-म्हशींत खपून जातं. पण हेच शहाणपण साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्यांवर चालवलंत तर मेंढ्या मरतील. गाईंचं मिक्श्चर मेंढीला देऊच नका, जादा कॉपर तिच्या यकृतात साठत जातं.

घाबरू नका, पहिल्या वर्षी सगळेच फसतात. दुसऱ्यांदा आठ धडधाकट म्हशींचं रक्त घेतलं, सहांमध्ये कॉपर कमी. अर्ध्या गोठ्याला कॉपर दिलं, अर्धा मुद्दाम तसाच ठेवला. अप्पा यावरही कुरकुरले. अडीच महिन्यांनी दिलेल्या म्हशींच्याच डोळ्यांभोवती काळे केस फुटले. झिंकचं बिल मात्र अप्पांनी अजून जपून ठेवलंय. गेलो की चहाच्या आधी तेच पुढे येतं.