सॅन फ्रान्सिस्कोला निघताय? आधी गाडी रिकामी करा

भारतातून घरचे आले की एक दिवस सॅन फ्रान्सिस्कोचा ठरलेला. आम्ही साउथ बेमध्ये, म्हणजे शहराच्या दक्षिणेला, सॅन होजेच्या बाजूला राहतो, जेमतेम तासाभराची वाट, त्यामुळे तयारी ती कसली करायची असं मला वाटायचं. गेल्या जुलैत सासूसासऱ्यांना घेऊन गेले आणि जन्माची अद्दल घडली. पुढच्या महिन्यात माझे आईबाबा येताहेत, म्हणून ही यादी.

पाणी, टोपी, चालायचे बूट हे काही सांगायला नको. स्वेटर आणि वाऱ्याचं जाकीट मात्र सांगते, कारण जुलै म्हटला की आपले लोक सुती कपड्यांत निघतात. आतल्या खोऱ्यात ऊन तापतं, तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरचं गार धुकं गोल्डन गेटच्या, म्हणजे तो प्रसिद्ध पूल आहे त्या सामुद्रधुनीच्या, फटीतून आत ओढलं जातं. म्हणजे घरी जितकी काहिली, तितकं इथे गारठायला होतं. ऊन हवं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात या.

आता मुख्य गोष्ट. गाडीत काहीही ठेवायचं नाही. काहीही म्हणजे काहीही. रिकामी पिशवी, चार्जरची वायर, घडी केलेलं जाकीटसुद्धा नाही. आम्ही ट्विन पीक्स या टेकडीवर शहर बघायला दहा मिनिटं उतरलो. सासऱ्यांनी ‘सगळं एकत्र असू दे’ म्हणून दोघांचे पासपोर्ट, सासूबाईंच्या बीपीच्या तीन महिन्यांच्या गोळ्या आणि चष्मा एकाच काळ्या बॅगेत भरलेला. ती सीटखाली सरकवून मी वरून शाल टाकली. शाल टाकली म्हणजे इथे काहीतरी आहे अशी पाटीच लावली की! परत आलो तर मागची काच फुटलेली, बॅग गायब. धपाट्यांचा डबा तेवढा सोडला होता. पोलिसांकडची तक्रार ऑनलाइन भरायची असते, कोणी धावत येत नाही. पासपोर्टच्या कागदपत्रांत त्यांच्या सुट्टीचे पंधरा दिवस गेले.

तेव्हा पासपोर्ट घरी, कपाटात. सोबत फक्त फोटोकॉपी. गोळ्या त्या दिवसापुरत्या, त्याही पर्समध्ये. डिकीत काही ठेवायचंच असेल तर घरून निघतानाच ठेवा, पार्किंगमध्ये येऊन डिकी उघडू नका, बघणारे बघत असतात. गाडी लावण्याआधी जमिनीकडे बघा. काचेचा चुरा दिसला तर पुढे चला. आणि तुमचे सासरे ‘अगं पाच मिनिटांचं तर काम’ म्हणाले, तरी बॅग खांद्यावर घ्या.

त्याहून बरं म्हणजे गाडी शहराबाहेरच्या मिलब्रे स्टेशनला लावून बार्टनं, म्हणजे इथल्या लोकल ट्रेननं, आत या. एम्बार्केडेरोला उतरलात की समोर फेरी बिल्डिंग. १८९८ची इमारत, १९०६च्या भूकंपातून वाचलेली. इथून पिअरांचे, म्हणजे जहाजांच्या धक्क्यांचे, आकडे नीट समजून घ्या, नाहीतर म्हाताऱ्या माणसांची उगाच पायपीट होते: उत्तरेला विषम, दक्षिणेला सम. एकेकाळी या धक्क्यांवर जहाजांची रांग असायची. कंटेनर आले आणि या चिंचोळ्या धक्क्यांमागे ते उतरवून ठेवायला जागाच नव्हती, मालाची जहाजं खाडीपलीकडे ओकलंडला गेली. तिकडच्या उंच क्रेन इथून दिसतात. बाबांना दाखवा, आमच्या सासऱ्यांना पुलापेक्षा त्याच जास्त आवडल्या.

अल्काट्राझ या खाडीतल्या बेटाची तिकिटं उन्हाळ्यात काही आठवडे आधीच काढा. बोट पिअर ३३वरून सुटते. १९३४ ते १९६३ तिथे संघराज्याचा तुरुंग होता. धक्क्यापासून वरपर्यंतचा चढ १३ मजल्यांएवढा आहे, गुडघे दुखत असतील तर वर नेणाऱ्या छोट्या गाडीची चौकशी करा.

एक जागा आपले लोक हमखास चुकवतात, ५ वुड स्ट्रीट, गदर स्मारक. इंग्रजांविरुद्ध उठावाची तयारी करणाऱ्या परदेशातल्या भारतीयांचा हा गदर पक्ष; १९१३ साली याच शहरातून त्यांचं ‘गदर’ पत्र निघायला लागलं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे या चळवळीच्या सुरुवातीच्या मंडळींतले, आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे याच पक्षाचे, १९१५ला लाहोरात फासावर गेले. आधी विचारून जा, दार बंद मिळालं तर एवढा चढ फुकट जाईल.

गाडी आणलीच असेल तर उतारावर लावताना पुढची चाकं वळवा: तोंड खाली असेल तर फुटपाथकडे, वर असेल तर रस्त्याकडे. नाही वळवली तर दंड. गोल्डन गेट पुलावर शहरात येताना टोल आहे, रोख घेत नाहीत, भाड्याची गाडी असेल तर तो कसा भरायचा ते आधीच विचारा. आणि पुलाच्या पार्किंगमध्येही गाडी रिकामीच. ‘फक्त एक फोटो’ म्हणून उतरतानासुद्धा.

केबल कारची (रस्त्याखालच्या दोरानं ओढली जाणारी जुनी ट्राम) रांग लांब असते, सकाळी लवकर जा. लोम्बार्ड स्ट्रीट हा नागमोडी रस्ता पायी. सी लायन (समुद्रसिंह) बघायला पिअर ३९. जेवण मिशन भागात, तिथे धुकंही कमी. चहा थर्मासमध्ये घरून न्या. थर्मासही हातात, गाडीत नाही.