व्यसनावरचे सिनेमे घरी कसे पाहायचे

व्यसनावरचा सिनेमा आधी घरच्यांनी पाहावा आणि मग, गरज वाटली तर, दारू सोडलेल्या माणसासोबत बसून पाहावा, असं माझं ठाम मत आहे. नागपुरात मी व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे. अधूनमधून एखाद्या शनिवारी सक्करदऱ्याकडच्या एका समाजभवनात आम्ही असे सिनेमे दाखवतो. भाड्याचा प्रोजेक्टर, भिंतीवर पांढरी चादर, खाली सतरंज्या. पेशंट येतात, त्यांच्या बायका येतात, आया येतात, कधी कॉलेजात जाणारी मुलं येतात. जाताना कुणीतरी थांबून विचारतंच, "ताई, यायले कोणता पिक्चर दाखवू जी, म्हणजे सुटन?"

पिक्चर पाहून दारू सुटत नाही, हे मी लगेच सांगते. पण घरात जे बोलणं वर्षानुवर्षं फक्त भांडणातून झालेलं असतं, ते पडद्यावरच्या माणसाच्या निमित्ताने शांतपणे सुरू होऊ शकतं. हे मी पुष्कळदा पाहिलंय. त्यासाठी वेळ, निवड आणि सिनेमानंतरचा अर्धा तास सांभाळावा लागतो.

आधी वेळ. दारू बंद करून मोजकेच दिवस झाले असतील तर सिनेमाचा विषयच काढू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना झटके येतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना नसलेली माणसं, अंगावर चढणारे किडे दिसायला लागतात, आणि ही अवस्था जिवावर बेतू शकते. सिनेमात मित्र त्याला खोलीत कोंडतात, तो दारावर डोकं आपटतो आणि सकाळी नवा माणूस होऊन बाहेर येतो. कृपा करून हे घरी करू नका. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात न्या. तिथे औषधं देऊन हे दिवस सुखरूप पार पाडता येतात.

माणूस औषधोपचारातून बाहेर आला, रात्री झोपू लागला, एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगला किंवा फॉलोअपला नियमित जाऊ लागला, की मग बघू. तेव्हाही होळी, पोळ्याची कर (पोळ्याचा दुसरा दिवस), एकतीस डिसेंबर आणि पगाराचा दिवस टाळा. आपल्याकडे करीच्या दिवशी पिण्याचं काय वातावरण असतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. दुपारची वेळ सगळ्यात बरी, म्हणजे संध्याकाळी मीटिंग गाठता येते. रात्री नऊला सुरू केलेला सिनेमा बाराला संपतो, आणि बाराला मनात जे काही उठलेलं असतं ते सांगायला कुणी जागं नसतं.

जेवून बसा. एएमध्ये चार गोष्टींपासून सावध राहायला शिकवतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातलं एक जरी असलं तरी तलफ जवळ येते. तर्री पोहे करा, आलूभात करा, पण सावजी मटणाचा बेत त्या दिवशी नको, आणि समोर फुटाणे-शेंगदाण्यांची प्लेट तर अजिबात नको. इथल्या पुष्कळ माणसांच्या जिभेला या दोन्हींची जोड दारूशीच आहे. उन्हाळ्यात कूलर इतका आवाज करतो की संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून टीव्हीजवळ बसा. रिमोट त्याच्या हातात द्या. त्याला कुठेही थांबवता आलं पाहिजे, उठून जाता आलं पाहिजे, आणि तो उठला तर सोबत कोण बाहेर जाणार हे आधीच ठरलेलं असावं.

सिनेमा आधी एकट्याने पाहा आणि वही घेऊन बसा. ग्लासात दारू ओततानाचा जवळून घेतलेला शॉट, बर्फाचा आवाज, बारमधलं गाणं, पन्नीवर पावडर तापवणं, सिरिंज: हे जिथे जिथे येतं तिथली वेळ लिहून ठेवा. व्यसनी माणसाचा मेंदू त्या दृश्यातून कथा घेत नाही, आठवण घेतो. खाली कोपऱ्यात इशारा लिहिलेला असतो, त्याने तलफ थांबत नाही. अशा जागी पुढे ढकला, किंवा आधी सांगून ठेवा की आता असं येणार आहे.

आता कोणते सिनेमे.

पहिला म्हणून मी जवळजवळ नेहमी 'झुंड' सुचवते. नागराज मंजुळे यांचा, २०२२ चा. नागपुरातच घडतो, नागपुरातच चित्रित झालाय, आणि त्यातली बरीच पोरं इथलीच आहेत. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या स्लम सॉकरच्या कामावर तो आधारलेला आहे. नशा करणारी, चोऱ्या करणारी वस्तीतली पोरं पावसात एक डबा लाथाडत खेळताना मास्तरांना दिसतात. मास्तर त्यांना फुटबॉल खेळायचे पैसे देतात. मग एक दिवस पैसे नाहीत म्हणून सांगतात, आणि पोरं तरीही खेळायला येतात. आमच्या हॉलमध्ये या जागी मी सिनेमा थांबवते. "नशा सोड" असं मास्तर तोवर म्हणालेले नसतात. पोरांचा संध्याकाळचा वेळ कशाने तरी भरलेला असतो, आणि त्यांच्याकडे माणूस म्हणून बघणारं कुणीतरी असतं. व्यसनातून बाहेर येण्याचा यापेक्षा सरळ धडा मला दुसऱ्या हिंदी सिनेमात सापडलेला नाही. शिवाय भाषा आपली आहे. इंग्रजी सबटायटल वाचता न येणाऱ्या बायकाही पहिल्या दहा मिनिटांत त्यात शिरतात.

'संजू' लोक स्वतःहून मागतात. राजकुमार हिरानी नागपूरचेच, त्यामुळे आपुलकीही असते. २०१८ च्या या सिनेमात नशेत अडकण्याचा भाग मन लावून दाखवलाय. त्यातून बाहेर येणं मात्र बरंचसं एका गाण्यात उरकलंय. गाणं जोशाचं आहे, हॉलमध्ये डोळे भरून येतात, आणि मग एखादी आई मुलाकडे बघून म्हणते, "पाय, तो सुटला ना?" तिथे मला मध्ये पडावं लागतं. गाण्यातले ते काही क्षण प्रत्यक्षात महिने असतात, कधी वर्षं. त्यात कंटाळा असतो, नात्यांमधला अविश्वास असतो, पुन्हा घसरणंही असतं. 'संजू' पाहायचाच असेल तर गाणं संपल्यावर बंद करून विचारा: यात काय काय दाखवायचं राहिलं? आमचे जुने पेशंट अशा वेळी भरभरून बोलतात.

घरच्यांसाठी माझ्या मनातला सिनेमा १९९४ चा 'व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन' आहे. पिणारी बायको, सांभाळणारा नवरा. मेग रायन आणि अँडी गार्सिया. बायको उपचार घेऊन परत येते आणि खरी अडचण तिथून सुरू होते, कारण सगळं आपल्या हातात ठेवायची नवऱ्याला सवय लागलेली असते. आता ती स्वतः उभी राहते आणि घरात आता आपलं काम काय, हेच त्याला सुचत नाही. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जागा बहुतेक वेळा उलट्या असतात, पण बायका हे लगेच ओळखतात. मंगळसूत्र गहाण ठेवून, साहेबाला "ताप आहे" असा फोन करून जिने घर चालवलं, तिला नवरा सुधारल्यावर राग का येतो, हे तिला कुणी कधी विचारलेलं नसतं. इंग्रजी समजत नसेल तर घरातल्या मुलीने थांबवत थांबवत सांगावं. मी हॉलमध्ये तेच करते, आणि त्याने सिनेमा बिघडत नाही.

१९४५ चा 'द लॉस्ट वीकेंड' जुना, काळा-पांढरा, बिली वाइल्डरचा, ऑस्कर मिळालेला. लेखक असलेला माणूस दोरीला बांधून खिडकीबाहेर बाटली लटकवतो, छताच्या दिव्यात लपवतो. हे पाहताना एकदा मागून आवाज आला, "आमच्या घरी कूलरच्या टाकीत राहे." सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या: तांदळाच्या डब्यात, संडासाच्या टाकीवर, स्कूटरच्या डिकीत. आपल्याच घरात हे होतं असं प्रत्येकीला तोवर वाटत होतं. भिंतीतला उंदीर आणि वटवाघूळ दिसण्याचं त्यातलं दृश्य दारू अचानक तुटल्यावरच्या भ्रमाचं आहे. ते घरच्यांनी पाहावंच. शेवट मात्र फार सोपा करून टाकलाय, तो मनावर घेऊ नका.

'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' १९६२ चा. जॅक लेमन आणि ली रेमिक. नवऱ्यामुळे बायकोला दारू लागते, दोघं बुडतात, तो एएच्या आधाराने बाहेर येतो आणि ती येत नाही. शेवटी ती दारात येते, आणि पुन्हा दोघांनी प्यायला लागावं हे त्याला परवडणारं नसतं. फार जड सिनेमा आहे. घरात एकच माणूस सुधारलाय आणि दुसरा अजून पितोय, अशा भावा-भावांना किंवा बाप-लेकांना मी तो दाखवते. बाकीच्यांनी घाई करू नये.

'फ्लाइट' (२०१२) चांगला आहे, डेन्झेल वॉशिंग्टनने वैमानिकाचं काम जीव ओतून केलंय, आणि चौकशीसमोर तो खरं बोलतो तो प्रसंग मोठा आहे. पण त्याच्या आदल्या रात्रीचं हॉटेलातल्या मिनीबारचं दृश्य दारू सोडलेल्या माणसासाठी कठीण आहे. ते पुढे ढकला. 'उडता पंजाब' (२०१६) पालकांनी आणि शिक्षकांनी पाहावा. पावडर सोडलेल्या पोराला दाखवू नका, त्यात सुया फार आहेत. 'देवदास' कुठलाही असो, मला नको वाटतो. इतकं सुंदर मरण पाहून दारू पिणाऱ्याला आपल्या दुःखाचा अभिमान वाटायला लागतो.

आणि दारूवरच्या आपल्या 'एकच प्याला' नाटकाला विसरू नका. राम गणेश गडकरी १९१९ साली इथून जवळच, सावनेरला गेले. नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं. पिणाऱ्या नवऱ्याच्या बायकोसाठी, सिंधूसाठी, सगळे रडतात, मी मात्र तळीरामाच्या आर्य मदिरामंडळाचे, म्हणजे पिणाऱ्यांच्या टोळक्याचे, प्रवेश वाचायला सांगते. आपण कुठे हसलो ते पाहावं. पिणाऱ्याची टवाळी करणारे आणि त्याला ओतून देणारे मित्र एकच असतात, हे गडकऱ्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय.

सिनेमा संपला की दिवा लावा आणि पाच मिनिटं कुणी बोलू नका. मग चर्चा पडद्यावरच्या माणसाबद्दलच ठेवा. "पाहा, तुम्ही पण असंच केलं होतं" हे वाक्य मनात आलं तरी गिळा, कारण ते उच्चारलं की तो माणूस आतून दार लावून घेतो. विचारायचं असेल तर असं विचारा: हा पहिल्यांदा खोटं कधी बोलला? बायकोने कुठे थांबायला हवं होतं? आणि माझा आवडता प्रश्न, सिनेमा संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हा काय करेल? आमच्याकडच्या एका ऑटोवाल्या दादांनी यावर सांगितलं होतं, "सकाळी उठन, आंघोळ करन, आन् मंग दहा वाजेलोक काय करू म्हून बसून राहीन." त्या दिवशी उरलेला सगळा वेळ आम्ही सकाळच्या त्या तासांवरच बोललो. कुणी फुटाळा तलावावर फिरायला जायचं ठरवलं, कुणी पोराला शाळेत सोडायचं. पानठेल्यावर जायचं नाही हे सगळ्यांनी ठरवलं, कारण खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटून होईस्तोवर तिथे जुना दोस्त भेटतोच.

तो काहीच बोलला नाही तरी चालेल. काही माणसं आठवड्याने, भाजी निवडताना, एकदम त्या सिनेमाबद्दल बोलतात. तेव्हा हातातलं काम न सोडता ऐका.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना मारहाणीची दृश्यं दाखवू नका, त्यांनी ती घरात पाहिलेली असतात. त्यांच्यासाठी 'झुंड'मधले खेळाचे भाग पुरेत. सोबत एवढंच सांगा की बाबांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि तो बरा करणं तुझं काम नाही. हे तिन्ही स्वतंत्रपणे, मुलाच्या डोळ्यात बघून सांगावं लागतं.

सिनेमा पाहताना किंवा नंतर तलफ आलीच तर घाबरू नका आणि रागावूही नका. ती बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत ओसरते. टीव्ही बंद करा, पाणी द्या, काहीतरी गोड खायला द्या, आणि सोबत चालायला निघा, पण दारूचं दुकान नसलेल्या रस्त्याने. स्पॉन्सरला (एएमधल्या, त्याला आधार देणाऱ्या जुन्या सदस्याला) किंवा मीटिंगमधल्या मित्राला त्याने स्वतः फोन लावावा. कुणी उचलला नाही तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी नंबर मोफत आहेत. ते आधीच मोबाइलमध्ये त्याच्या हाताने सेव्ह करून घ्या. उरलेला सिनेमा पुढच्या आठवड्यात पाहा. त्याला नको असेल तर तिथेच सोडून द्या.