अपडेट सर्व्हिसमध्ये फॉरमॅट बदलताना जुना क्लायंट अडकू नये म्हणून काय करायचं

साध्या वेबसाइटवर डेटाचा फॉरमॅट बदलला आणि काही बिघडलं तर आपण फिक्स टाकून मोकळे होतो. अपडेट सर्व्हिसचं तसं नसतं, कारण लोकांच्या मशीनवर बसलेला जुना क्लायंट (अपडेट शोधून बसवणारा आपला प्रोग्राम) दुरुस्त करायचा आपल्याकडे एकच मार्ग आहे आणि तो म्हणजे अपडेट, आणि नेमकी अपडेटचीच फाइल तुम्ही अशी बदलली की त्याला ती वाचता येईना, तर ते मशीन कायमचं मागे राहिलं समजा, सिक्युरिटी पॅचसुद्धा तिथे पोचणार नाही. म्हणून फॉरमॅटला हात लावायच्या आधी थोडा वेळ काढा.

आधी नंबर वेगळे करा. अ‍ॅपचं व्हर्जन वेगळं, मॅनिफेस्टचा म्हणजे कुठलं अपडेट आहे, कुठून घ्यायचं, साइझ किती, हॅश (फाइल बदललेली नाही हे ओळखायची खूण) काय हे सांगणाऱ्या फाइलचा फॉरमॅट वेगळा, पॅकेजचा फॉरमॅट वेगळा, आणि क्लायंट स्वतःच्या डिस्कवर जी स्टेट फाइल ठेवतो तिचा वेगळा. बऱ्याच टीम अ‍ॅपच्या व्हर्जनवरूनच बाकीचं ओळखतात, ‘४.२ किंवा वर असेल तर नवा फॉरमॅट द्या’ अशी अट कोडमध्ये टाकून ठेवतात, आणि मग कुणीतरी ४.१ च्या ब्रँचवर पॅच रिलीज काढतं ज्यात नवा पार्सर (फाइल वाचणारा कोड) बॅकपोर्ट केलेला, म्हणजे जुन्या व्हर्जनमध्ये मागाहून आणलेला असतो, की सगळा हिशेब चुकला. क्लायंटला काय वाचता येतं ते क्लायंटनेच रिक्वेस्टमध्ये सांगावं, सर्व्हरने अंदाज बांधू नये.

फॉरमॅटचा नंबर फाइलच्या सुरुवातीलाच हवा आणि बाकी काहीही पार्स करायच्या आधी तो वाचला गेला पाहिजे. डेबियन या लिनक्सचं डेब पॅकेज बघा, त्यात पहिली फाइल ‘डेबियन-बायनरी’ नावाची असते आणि तिच्यात २.० एवढंच लिहिलेलं असतं. नियम साफ आहे: मायनर (टिंबानंतरचा) नंबर वाढलेला दिसला किंवा जास्तीच्या ओळी दिसल्या तर दुर्लक्ष करून पुढे जा, मेजर (टिंबाआधीचा) बदलला असेल तर तिथेच थांबा. हे दोन वेगवेगळे वागणे पहिल्याच रिलीजमध्ये क्लायंटच्या कोडमध्ये असायला हवेत, नंतर सुचून उपयोग नाही कारण जुने क्लायंट तोवर बाहेर गेलेले असतात.

आता ‘अनोळखी फील्ड दिसलं तर सोडून द्या’ हा सल्ला सगळेच देतात, आणि तो बरोबर आहे पण अर्धाच. समजा तुम्ही मॅनिफेस्टमध्ये ‘किमान ओएस’ असं नवं फील्ड टाकलं. जुना क्लायंट ते सोडून देतो, अपडेट उतरवतो, जुन्या ओएसवर इन्स्टॉल करतो आणि अ‍ॅप चालूच होत नाही. इथे फील्ड सोडून देणं हाच घोळ आहे. म्हणजे काही फील्ड सोडली तरी चालतात (रिलीज नोट्सची लिंक वगैरे) आणि काही समजली नाहीत तर थांबलंच पाहिजे, आणि हा फरक फॉरमॅटमध्येच दिसायला हवा. पीएनजी या चित्रांच्या फॉरमॅटमध्ये हे फार सुंदर केलंय, प्रत्येक चंकच्या (फाइलच्या तुकड्याच्या) नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर तो समजल्याशिवाय चित्र दाखवू नका, स्मॉल असेल तर खुशाल सोडा. फेडोरा लिनक्सच्या आरपीएम या पॅकेज टूलमध्येही तीच कल्पना, फेडोरा ३१ मध्ये २०१९ साली पॅकेजचं कॉम्प्रेशन झेडस्टँडर्डवर नेलं, अशा पॅकेजवर ‘हे कॉम्प्रेशन समजणारं आरपीएम लागेल’ अशी डिपेंडन्सीच लावलेली असते, त्यामुळे जुनं टूल पॅकेज अर्धवट उघडून बसत नाही, आधीच स्पष्ट नकार देतं. तुमच्या मॅनिफेस्टमध्ये ‘हे समजलंच पाहिजे’ अशी एक यादी ठेवा, जे नवं फीचर सोडून चालणार नाही त्याचं नाव त्यात टाका, यादीतलं एखादं नाव ओळखीचं नसेल तर क्लायंट थांबेल.

याला जोडूनच एक गोष्ट जी हमखास नजरेतून सुटते. क्लायंट मॅनिफेस्ट पार्स करून, पुन्हा जेसन (डेटा लिहायचा टेक्स्ट फॉरमॅट) बनवून मग सही (फाइल आपलीच आहे आणि वाटेत बदललेली नाही याची डिजिटल खूण) तपासत असेल, तर अनोळखी फील्ड वाटेत गळतं आणि सही जुळत नाही, म्हणजे नुसतं निरुपद्रवी फील्ड वाढवलं तरी जुने सगळे क्लायंट अडकतात. सही नेहमी नेटवर्कवरून आलेल्या मूळ बाइट्सवर तपासा.

थांबायचं म्हणजे कसं, हेही लिहून ठेवा. सगळ्यात वाईट प्रकार असा: ‘साइझ’ आधी नुसता आकडा होता, तुम्ही त्याचा ऑब्जेक्ट केला, डाउनलोड साइझ वेगळी आणि इन्स्टॉल साइझ वेगळी, जुन्या पार्सरने एक्सेप्शन फेकलं, वरच्या कोडने ते गिळलं, ‘अपडेट सापडलं नाही’ असा अर्थ काढला आणि युजरला हिरवी टिक दाखवली की तुमचं सॉफ्टवेअर अपटुडेट आहे. युजर निर्धास्त, तुमच्या डॅशबोर्डवरही एरर नाही, कारण मॅनिफेस्ट तर २०० स्टेटसने (सर्व्हरचं ‘सगळं ठीक’) व्यवस्थित गेला! ‘अपडेट नाही’ आणि ‘मला हे वाचता आलं नाही’ ही दोन उत्तरं कोडमध्ये पूर्ण वेगळी ठेवा, दुसऱ्या वेळी युजरला हाताने डाउनलोड करायचं पान दाखवा आणि सर्व्हरला कळवा. आणि ‘साइझ’चा अर्थ कधीच बदलू नका, नव्या नावाचं फील्ड वाढवा. प्रोटोबफ (फील्ड नंबरने ओळखणारा डेटा फॉरमॅट) वापरत असाल तर काढलेल्या फील्डचा नंबर पुन्हा वापरू नका, रिझर्व्ह्ड करून टाका.

मेजर बदल करावाच लागला तर जुन्या फाइलच्या जागी नवी टाकू नका, शेजारी ठेवा. नव्या फॉरमॅटला नवा पाथ द्या, जुना पाथ जसाच्या तसा चालू ठेवा. एकाच पत्त्यावर हेडर बघून दोन उत्तरं देता येतात, पण मध्ये सीडीएन (फाइलच्या प्रती साठवून देणारे सर्व्हर) असेल आणि त्याची कॅश की (कुठली साठवलेली प्रत कुणाला द्यायची ते ठरवणारी खूण) नीट लावलेली नसेल तर एकाचं उत्तर दुसऱ्याला जातं, म्हणून मला पाथच जास्त भरवशाचा वाटतो. दोन्ही फाइल एकाच सोर्समधून जनरेट करा, हाताने दोन सांभाळायला गेलात तर एक मागे पडणारच.

क्रम कायम हाच: वाचणारा आधी, लिहिणारा नंतर. नवा फॉरमॅट वाचू शकणारा क्लायंट जुन्याच फॉरमॅटमधून लोकांपर्यंत पोचवा, मग सर्व्हर बदला. फायरफॉक्सने २०१७ मध्ये हेच केलं. अपडेटच्या मार फाइल्सचं (फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचा पॅकेज फॉरमॅट) कॉम्प्रेशन बीझिप२ वरून एलझेडएमएवर आणि सही एसएचए-३८४ या हॅशवर न्यायची होती, तर ५६ हे व्हर्जन मधला मुक्काम ठरवलं, त्याहून जुन्या सगळ्यांनी आधी जुन्या फॉरमॅटमधून ५६ वर यायचं आणि तिथून पुढे जायचं. मोझिलात याला वॉटरशेड म्हणतात. अशा मुक्कामाच्या रिलीजचं पॅकेज सर्व्हरवरून कधीच काढायचं नाही, जुनी बिल्ड साफ करणाऱ्या स्क्रिप्टमधून ते आधी वगळा. सहीची की बदलतानाही तीच शिडी लागते. टफ नावाच्या अपडेट फ्रेमवर्कमध्ये रूट फाइल (कुठल्या कीवर विश्वास ठेवायचा ते सांगणारी) एकेक नंबरने वाढते, प्रत्येक नव्या फाइलवर जुन्या आणि नव्या दोन्ही कीच्या सह्या लागतात, आणि क्लायंट एकही पायरी न गाळता पुढे जातो, म्हणून आधीच्या सगळ्या रूट फाइल्स जपून ठेवाव्या लागतात.

रोलबॅक विसरू नका. नवा क्लायंट चालू झाल्या झाल्या स्टेट फाइल नव्या फॉरमॅटमध्ये लिहितो, मग काही कारणाने मशीन जुन्या व्हर्जनवर परत येतं आणि जुन्याला ती फाइल उघडता येत नाही. निदान एक रिलीज नवं वाचा पण जुनंच लिहा. एसक्यूलाइट या डेटाबेसने फाइलच्या हेडरमध्ये वाचायचं व्हर्जन आणि लिहायचं व्हर्जन असे दोन वेगळे बाइट ठेवलेत, जुन्या लायब्ररीला लिहिता येत नसेल तरी वाचता येत असेल तर ती फाइल रीड-ओन्ली उघडते. उचलण्यासारखी कल्पना आहे.

टेस्टिंगला जुना पार्सर नव्याने कंपाइल करून चालवू नका, तेव्हा रिलीज केलेल्या खऱ्या बायनरी ठेवा आणि सीआयमध्ये (बदल झाला की आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) प्रत्येक मॅनिफेस्ट बदलावर त्या चालवा, नुसतं पार्स झालं एवढं बघू नका, शेवटी नवं व्हर्जन खरंच चालू झालं का ते बघा. टीएलएसही (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी) त्यातच तपासलं जातं, ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ हे सर्टिफिकेट एक्स्पायर झालं तेव्हा जुन्या ओपनएसएसएल १.०.२ (टीएलएसची लायब्ररी) वरचे कितीतरी क्लायंट फॉरमॅट ठीक असूनही कनेक्टच होऊ शकले नाहीत.

जुना पाथ बंद कधी करायचा? रिक्वेस्टमध्ये येणारे फॉरमॅट नंबर लॉगमध्ये मोजा आणि तारखेऐवजी त्या आकड्यावर ठरवा. शक्यतो बंद करूच नका, तिथे फक्त मुक्कामाच्या रिलीजकडे बोट दाखवणारी एक स्थिर फाइल ठेवा. मात्र मॅनिफेस्टच्या सहीला एक्स्पायरी असेल (आणि असायलाच हवी, नाहीतर कुणीही मधल्यामध्ये जुनी फाइल दाखवत राहून क्लायंटला एकाच जागी अडकवून ठेवेल) तर या स्थिर फाइलवरही ठरावीक काळाने नवी सही करावी लागते, तेव्हा ते काम नव्या मॅनिफेस्टच्या त्याच ऑटोमेटेड जॉबमध्ये जोडा आणि एक्स्पायरी जवळ आली की अलर्ट येईल असं करा.