इलेक्ट्रिक गिटारची बॉडी रंगवण्याआधी ओलं फडकं फिरवा

घासून गुळगुळीत केलेलं लाकूड प्रायमरचा पहिला हात बसताच पुन्हा खरखरीत होतं, विशेषतः प्रायमर पाण्यात मिसळणारा असेल तर. ओलाव्याने लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात. ते आधीच उभे करून घासून टाकायचे.

१. सगळ्या बॉडीवर पेन्सिलीने हलक्या आडव्यातिडव्या रेघा ओढा. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेघा जाईपर्यंत घासा. पुन्हा रेघा, मग १८० नंबर. जिथे रेघ उरली, तिथे खळगा आहे. सपाट भागावर पेपर ठोकळ्याला गुंडाळूनच घ्या, नुसत्या बोटांनी घासलं की खड्डे पडतात.

२. घट्ट पिळलेलं ओलं फडकं फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. आता हात फिरवून बघा, फरक लगेच कळेल!

३. २२० नंबरने तंतूंच्या दिशेने हलकेच घासा. जोर लावलात तर खालचे नवे तंतू उघडे पडतील.

बॉडीच्या कडेला, शिंगांच्या (नेकच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या टोकांच्या) आतल्या वळणात, जिथे तंतूंची टोकं बाहेर येतात, तिथे सगळ्यात जास्त वेळ द्या. करवतीचे ओरखडे तिथेच लपतात आणि चकचकीत रंगाखाली ठळक दिसतात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी तिरका धरला की ते सापडतात.

अ‍ॅश किंवा महोगनी लाकूड असेल तर यानंतर ग्रेन फिलर (लाकडाची बारीक छिद्रं भरणारी लुकण) लागेलच. आल्डरला सहसा लागत नाही.

नेक, म्हणजे गिटारची लांब मान, जिथे बसते ती खाच मात्र घासू नका, मास्किंग टेपने झाकून ठेवा. तिथे रंगाचा थर चढला तरी नेक नीट बसत नाही.