गावतळ्याची निगा : मंडळाने कामे कोणत्या क्रमाने करावीत

कोकणात वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तरी होळी उलटली की अनेक वाड्यांतील विहिरी तळ दाखवू लागतात. कारण उतार तीव्र, समुद्र जवळ आणि पायाखालचा जांभा दगड चाळणीसारखा. अशा ठिकाणी पूर्वजांनी बांधलेले तळे हेच खालच्या अंगाच्या विहिरींचे भांडार असते. त्याची जबाबदारी घेणारे मंडळ बहुधा मोठ्या स्वच्छता मोहिमेने सुरुवात करते. आम्हीही तीच केली. आता आमचे मत असे आहे की आधी कागदपत्रे, मग नोंदवही, मग पाण्याच्या वाटा, मग वनस्पती आणि सर्वांत शेवटी गाळ, हा क्रम कोणत्याही उत्साहापोटी मोडू नये.

तळ्याचा सातबारा काढून मालकी कोणाची, हे प्रथम पाहावे. जागा ग्रामपंचायतीची, महसूल खात्याची, देवस्थानाची किंवा सामाईक खातेदारांची असू शकते आणि प्रत्येक बाबतीत परवानगी निराळ्या दाराशी मागावी लागते. ग्रामसभेचा ठराव मात्र सर्वच प्रसंगी घ्यावा. तळे देवळालगत असेल तर मानकऱ्यांसमोर गाऱ्हाणे घालून, म्हणजे देवापुढे सामूहिक प्रार्थना करून, काम सुरू करावे, म्हणजे पुढे कुरबुर उरत नाही. मंडळाची नोंदणी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली करता येते. त्यासाठी किमान सात सभासद लागतात.

नोंदवही हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. घाटाच्या पायऱ्यांना वरून खाली रंगाने क्रमांक घालावेत आणि दर रविवारी पाणी कितव्या पायरीवर आहे ते लिहावे. कपडे धुणाऱ्या बायका हा हिशेब तोंडी ठेवतच असतात. त्यांच्यातील एखादीला हे काम दिले तर खाडा पडत नाही, हा आमचा अनुभव आहे. पाण्याचा गढूळपणा मोजण्यासाठी 20 सेंटिमीटर व्यासाची जुनी ताटली घ्यावी, तिचे चार भाग आळीपाळीने काळे व पांढरे रंगवावेत, मधोमध दोरी ओवून खाली दगड बांधावा आणि दोरीला दर 10 सेंटिमीटरवर गाठ मारावी. दुपारच्या सुमारास, सावलीच्या बाजूने ताटली पाण्यात सोडून ती दिसेनाशी होते तेथील खोली नोंदवावी. ही पद्धत 1865 पासून वापरात आहे. महिन्यागणिक ही खोली घटत गेली, तर वरून माती येते आहे किंवा सांडपाणी शिरून शेवाळ वाढते आहे, असे समजावे.

पाण्याच्या वाटांची पाहणी मे महिन्याच्या मध्यास करावी. डोंगराकडून येणारा चर, मोरी आणि सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) मोकळे आहेत का, हे चालत जाऊन डोळ्यांनी पाहावे; फोनवर विचारून भागत नाही. मातीच्या बांधात खेकड्यांची व उंदरांची बिळे असतात. ती नुसत्या मातीने न बुजवता ओली चिकणमाती कुटून थरांनी भरावीत. चिऱ्यांच्या भिंतीत रुजलेला पिंपळ उपटू नये, कारण मुळाबरोबर चिराही निघतो. तो बुंध्याशी कापावा आणि फुटवे आले की पुन्हा कापत राहावे. मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव 1530 सालचा मानला जातो आणि आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने 2020 मध्ये त्याचा जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत समावेश केला. दोन डोंगरांच्या मध्ये घातलेला त्याचा बांधही मातीचाच आहे. तेव्हा जुना बांध मातीचा आहे म्हणून तो काँक्रीटने मढवण्याची घाई करू नये.

पाणी जास्त साठावे म्हणून ऐन पावसाळ्यात सांडव्यावर पोती रचण्याचा मोह कोणाला तरी होतोच; तो कठोरपणे आवरावा. सांडवा अडला की पाणी बांधावरून जाते आणि मातीचा बांध एका रात्रीत वाहून जातो. पोत्यांची खरी जागा व्हाळात, म्हणजे ओढ्यात, आहे. सप्टेंबरअखेर प्रवाह बारीक होऊ लागला की माती भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचे वनराई बंधारे घालावेत. जूनच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालण्यासाठी वर येतात, तेव्हा ओहोळाच्या तोंडाशी जाळी बसवू नये आणि कोणी मासे पकडायला बसले असेल तर निदान अर्धी वाट सोडण्यास सांगावे. यावरून वाद होतात, तरीही सांगावे.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. ती धावत्या खोडांनी पसरते आणि तिचे बी चिखलात पंधराहून अधिक वर्षे टिकते. म्हणून पहिले रोप दिसताच, जांभळे फूल येण्यापूर्वी, ऋतू न पाहता ती काढावी. पसारा मोठा असेल तर काथ्याचा दोर दोन्ही काठांवरून धरून तो हळूहळू एका कोपऱ्यात ओढावा आणि दाताळ्याने बाहेर घ्यावा. ढीग काठावर ठेवला तर पहिल्या सरीबरोबर तो परत पाण्यात येतो; तो पाणलोटाबाहेर नेऊन वाळवावा व शेणाबरोबर कुजवून खत करावे. तणनाशक मारू नये. मेलेली झाडे पाण्यातच कुजतात, प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे तरंगू लागतात. कमळ, कुमुदिनी आणि काठची लव्हाळी मात्र शत्रू नव्हेत. कमळपक्षी पावसाळ्यात तरंगत्या पानांवर अंडी घालतो, म्हणून त्यांची विरळणी नोव्हेंबरनंतर करावी व एक पूर्ण काठ अस्पर्शित ठेवावा.

गाळाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत मोठी चूक येथेच होते, आणि ती आमच्याकडूनही झाली. जांभ्यावरील तळे पाणी धरते ते तळाशी बसलेल्या चिकणमातीच्या थरामुळे. आम्ही पहिल्या वर्षी जेसीबी लावून पूर्वेचा कोपरा ‘चांगला खोल’ करून घेतला. त्या वर्षी संक्रांतीपर्यंत तो कोपरा कोरडा पडला आणि पाणी कातळात कोठे गेले ते कळलेही नाही. चालकाचा दोष नव्हता, खोलीच्या खुणेच्या काठ्या आम्हीच रोवल्या नव्हत्या. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी ओसरल्यावर चार-पाच ठिकाणी पहारीने चाचणी खड्डे घ्यावेत. वरचा गाळ काळा, पालापाचोळ्याचा वास असलेला, बोटांत भुसभुशीत लागतो. त्याखाली माती घट्ट होते; तिची पेन्सिलीएवढी जाड वळी न तुटता वळली गेली, तर तो राखायचा थर होय. त्याच्या वर अर्धा फूट गाळ सोडूनच खुणा कराव्यात. एका गुंठ्यावरील एक फूट गाळ म्हणजे 1089 घनफूट, अर्थात जवळजवळ 11 ब्रास. तो निघाला की सुमारे 30,800 लिटर पाण्याची जागा होते. हा हिशेब फळ्यावर मांडला की वर्गणी देणाऱ्यांना पटतो आणि अवास्तव आश्वासनेही दिली जात नाहीत. निघालेला गाळ भाताच्या तरव्याला (रोपांच्या वाफ्याला) व माडांच्या आळ्यांना उत्तम. गटाराचे पाणी तळ्यात येत असेल तर मात्र आधी माती तपासून घ्यावी. वाहतूक सुरू करण्यापूर्वी तहसील कार्यालयास लेखी कळवावे आणि 2017 पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत आपले तळे बसते का, याची चौकशी करावी.

गणपती विसर्जनासाठी काठालगत ताडपत्री अंथरून वेगळे कुंड करावे आणि निर्माल्य पाण्यात जाण्याआधीच टोपल्यांत घ्यावे. मूर्ती शाडूची असली तरी रंगाचा प्रश्न उरतोच. सक्तीऐवजी दीड दिवसाच्या गणपतीच्या दिवशी मंडळाच्याच चार घरांनी कुंडात विसर्जन करावे, बाकीचे पाहतात.

श्रमदानात गमबूट आणि हातमोजे घालावेत. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती कोकणात पावसाळ्यात व भातकापणीत खरी असते. पायाला जखम असलेल्याने पाण्यात उतरू नये आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात काम केल्याचे सांगावे. विरोळा बिनविषारी असतो, म्हणून प्रत्येक सापामागे कोयता घेऊन धावण्याचे कारण नाही.

जड कामे चाकरमानी गावी असतात त्या शिमग्याच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत ठेवावीत, परंतु नोंदवही, चर आणि बिळे ही कामे गावातच राहणाऱ्या पाच-सहा जणांवर नावानिशी सोपवावीत. वर्षाचा जमाखर्च आणि पायऱ्यांची नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी व नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी. आमची पहिली वही ज्यांच्या घरी होती, त्यांच्या पडवीत ती वाळवीने खाल्ली.