परदेशी मिशनसेवेला निघताय? परतल्यानंतरच्या वर्षाचीही तयारी करा

चर्चच्या तरुण संघातलं कोणी "मला परदेशात मिशनवर जायचंय" म्हणालं, की मी एकच विचारते: तिथे सकाळी आठ वाजता तू नेमकं काय करणार? "सेवा" हे उत्तर मी धरत नाही. वर्गात गणित शिकवीन, औषधांचा साठा लावीन, जनरेटर सांभाळीन, असं काहीतरी हवं. पुढे आयुष्याला वळण लागतं ते अशाच एखाद्या कामातून. नुसत्या भारावलेपणाचा जोर महिनाभरात ओसरतो.

संस्थेला तीन गोष्टी लेखी विचारा. मी कोणाच्या हाताखाली असेन? हे काम मी यायच्या आधी कोण करत होतं? मी गेल्यावर कोण करणार? तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर दुसरी संस्था बघा. वरिष्ठ स्थानिक असतील तर फारच उत्तम. पाळक (चर्चचे धर्मगुरू) असोत, मेट्रन असोत की मुख्याध्यापक.

अनाथाश्रमात दोन आठवडे "मुलांना प्रेम द्यायला" जाणं टाळाच. अशा अनेक संस्थांतल्या मुलांची आई किंवा वडील हयात असतात, आणि दर थोड्या दिवसांनी नवे ताई-दादा येऊन लळा लावून निघून जातात. मुलांना ते सोसत नाही. भिंती रंगवायच्या सहलींबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. रंगारी त्या गावातही असतो.

पहिल्यांदाच जात असाल तर आधी शिकवून मग कामाला लावणारी संस्था बरी. 1960 साली सुरू झालेल्या यूथ विथ अ मिशनच्या शिष्यत्व प्रशिक्षणात साधारण 12 आठवडे वर्ग असतात, मग प्रत्यक्ष सेवाक्षेत्र. मर्सी शिप्सच्या रुग्णालय-जहाजांवर डॉक्टर-नर्सबरोबर स्वयंपाकी आणि इलेक्ट्रिशियनही लागतात, आणि तिथले स्वयंसेवक आपला खर्च आपण उचलतात. तेव्हा खर्चासाठी ओळखीच्यांना मदतीचं पत्र लिहाल त्यात तिकीट, विमा, राहणं, लसी सगळं उघड मांडा. देणाऱ्याला हिशेब आवडतो.

कागदपत्रं थोडक्यात. पर्यटक व्हिसावर धर्मसेवा अनेक देशांत चालत नाही. "तिथे गेल्यावर बघू" म्हणणाऱ्या संस्थेपासून लांब राहा. पीतज्वराची लस लागणार असेल तर प्रवासाच्या निदान 10 दिवस आधी घ्या, कारण प्रमाणपत्र तेव्हापासून ग्राह्य धरतात. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कुठे जाऊन आलात ते न विचारता सांगा. मलेरिया उशिराही डोकं वर काढतो.

आता मुख्य मुद्दा. मी गेले तेव्हा सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायला मिळेल अशी कल्पना होती. मला मिळालं मिशन हॉस्पिटलचं औषधांचं कोठार. देणगीतून आलेली खोकी छतापर्यंत रचलेली, कित्येक डब्यांवरची भाषा तिथल्या कोणालाच वाचता येत नव्हती, आणि मुदत संपलेल्या गोळ्यांचा ढीग बाहेरच्या व्हरांड्यात. कोठार सांभाळणाऱ्या बाई प्रत्येक पट्टी उजेडाकडे धरून तारीख वाचायच्या, मला वाचायला लावायच्या आणि मगच फळीवर ठेवायच्या. लवकर संपणारी पुढे, उशिरा संपणारी मागे. औषधांच्या देणगीबाबत जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पोहोचताना निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी असं त्यांत म्हटलंय, हे मला पुढे फार्मसी शिकताना कळलं. आणि फार्मसीला मी गेले ती त्या कोठारामुळेच.

म्हणून तिथे असताना वही ठेवा, पण त्यात "आज देव माझ्याशी बोलला" एवढ्यावर थांबू नका. आज कोणतं काम अडलं, का अडलं, कोणाला ते जमलं असतं, हेही लिहा. अमेरिकी मिशनरी कुटुंबातल्या आयडा स्कडरचं उदाहरण मी नेहमी देते. आईच्या आजारपणामुळे ती भारतात आली होती. मिशनरी व्हायचं तिच्या मनातही नव्हतं. एका रात्री बाळंतपणात अडलेल्या तीन बायकांसाठी तिला बोलावणी आली. तिचे वडील डॉक्टर होते, पण पुरुष डॉक्टर त्या घरांना नको होता. तिघीही दगावल्या. ती दुसऱ्या दिवसापासून तिथेच हातपाय मारत बसली नाही. अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाली, 1899 मध्ये पदवी घेतली, 1900 मध्ये परतली आणि वेल्लोरचं रुग्णालय उभं केलं. पाचारण एका रात्रीत आलं. शिक्षणाला वर्षं लागली.

तुम्हीही परतल्यावर लगेच नोकरी सोडू नका, लग्न मोडू नका, बायबल कॉलेजचा अर्जही भरू नका. सहा महिने थांबा. वही पुन्हा वाचा, पाळकांना आणि घरच्यांना दाखवा. तिथल्या वरिष्ठांना फोन करून सरळ विचारा: "मी पुन्हा आले तर काय शिकून येऊ?" माझ्या अनुभवात याचं उत्तर अगदी नेमकं येतं: लेखापाल हवाय, दाई हवी, किंवा स्पष्टच, "येऊ नकोस, आमच्या मुलीच्या नर्सिंगची फी भर." तिसरं उत्तर आलं तर फी भरा. तेही मिशनच.

आणि मुदतीआधी परतलात तर तोंड लपवू नका. बायबलमधला मार्क प्रेषित पौलाबरोबर मिशनवर निघाला, पण त्याला वाटेतच सोडून यरुशलेमला परतला होता. त्याला पुन्हा न्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचं इतकं बिनसलं, की दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या. त्याच मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असं पौल पुढे आपला सहकारी तीमथ्य याला लिहितो. मधल्या काळात बर्णबाने मार्कला आपल्याबरोबर कुप्राला नेलं होतं. आपल्या चर्चमध्ये असा एखादा बर्णबा जाण्याआधीच गाठून ठेवा, आणि परतायची तारीख त्याला कळवा.