ब्रोकोलीचं झाड कधी काढायचं आणि त्याचं खत कसं करायचं

ऑक्टोबरात लावलेल्या ब्रोकोलीचा मधला गड्डा डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत निघतो. तो दहा-पंधरा सेंटिमीटर देठासह तिरका कापला असेल, तर पानांच्या बेचक्यांतून फुटवे येतात आणि पुढचे काही आठवडे भाजी मिळत राहते. अडचण येते ती फेब्रुवारीच्या शेवटी. झाड हिरवंगार, पानं ताटाएवढी, मग उपटायला हात धजावत नाही. पानांवरून ठरवू नका, फुटव्यांवरून ठरवा.

चांगला फुटवा करंगळीएवढा जाड असतो, कळ्या घट्ट मिटलेल्या. झाड थकलं की फुटवे पेन्सिलीपेक्षा बारीक होतात, देठ चोथट लागतो आणि आज हिरव्या दिसणाऱ्या कळ्या उद्या पिवळ्या उमलतात. दर तीन-चार दिवसांनी खुडूनही चार झाडांतून सलग दोनदा मूठभर भाजी निघाली नाही, तर झाडं काढा. एखादाच फुटवा फुलला असेल तर तो खुडून आठवडाभर थांबा. दुपारचा पारा रोज बत्तीस-तेहेतीसला जाऊ लागला असेल, तर मात्र थांबून उपयोग नाही. उन्हात कळ्या घट्ट धरत नाहीत.

पान उलटून पाहा. पीठ भुरभुरल्यासारखी राखाडी मावा कीड दिसली, तर झाड त्याच दिवशी काढा. म्हातारं झाड मावा पोसतं आणि तो शेजारच्या कोबी, मुळा, मोहरीवर जातो. झाडं निरोगी असतील तर एखादं मधमाश्यांसाठी फुलू द्यायला हरकत नाही. बी धरायच्या भानगडीत पडू नका. पाकीट संकरित असेल तर पुढची पिढी तशी येत नाही.

काढण्याआधी शेंड्याची कोवळी पानं भाजीला घ्या. वाफ्यातली झाडं उपटू नका. जमिनीखाली दोन बोटं खोड कापा, निरोगी मुळं आत कुजून माती भुसभुशीत करतात. वर धसकट राहिलं तर पुन्हा फुटतं. कुंडीतलं झाड मात्र मुळासकट काढा. दोन्हीकडे एक तरी मूळ झटकून बघा: गाठी असतील तर बहुधा सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत आहेत, मग वाफ्यातलीही सगळी मुळं उपटावी लागतील.

खतात सगळ्यात त्रास देतं ते खोड. बाहेरून ते लाकडासारखं असतं. अख्खं टाकलं तर खत झाल्यावरही काठी तशीच हाताला लागते. कोयत्याने उभं चिरा, हातोडीने ठेचा, मग दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. पानं नुसती फाडली तरी चालतात. ब्रोकोली-कोबीच्या कुळातल्या भाज्यांत गंधक असतं, शिवाय पाणी भरपूर, म्हणून नुसता ढीग केला की दोन दिवसांत कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. एक बादली चिरलेल्या हिरव्या मालाला दोन बादल्या सुका पाला घ्या. भोकं पाडलेल्या ड्रममध्ये चार-चार बोटांचे थर द्या आणि प्रत्येक थरावर ओंजळभर जुनं खत किंवा शेणकाला टाका. मूठ दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर आणखी पाला घाला. आठवड्यातून एकदा खालवर करा. पानांचं खत दोन-अडीच महिन्यांत होतं, खोडाचे तुकडे चाळणीवर उरतात. ते पुढच्या ढिगात टाका.

पानाच्या कडेपासून आत शिरणारा इंग्रजी व्ही आकाराचा पिवळा डाग आणि त्यात काळ्या शिरा दिसल्या, तर तो घाण्या रोग. ते झाड आणि गाठींची मुळं ड्रममध्ये नकोत. घरगुती ढीग पंचावन्न अंशांपर्यंत नीट तापत नाही, त्यामुळे रोगजंतू टिकतात आणि खतातून परत वाफ्यात येतात. असा माल पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.

रिकाम्या वाफ्यात दोन-तीन वर्षं कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी नको. उन्हाळ्यात गवार किंवा भेंडी लावा. मुळांना गाठी सापडल्या असतील तर भेंडीही टाळा, तिलाही तेच सूत्रकृमी लागतात. तिथे एक हंगाम झेंडू दाट लावा.